कृत्रिम माणसांवरचे सिनेमे विद्यार्थ्यांना दाखवायचे आहेत: कोणते, कोणत्या क्रमानं, आणि चर्चा कशी घ्यावी?

सातरस्ता_सिनेमंडळ

नमस्कार. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या चित्रपट मंडळासाठी पाच रविवारची मालिका ठरवायची आहे. विषय: माणसानं घडवलेली माणसं, आणि त्यांच्या निमित्तानं 'माणूस कुणाला म्हणायचं' हा प्रश्न.

३५ ते ४० विद्यार्थी असतील. वेळ सकाळी १० ते १, म्हणजे सिनेमा आणि चर्चा मिळून तीन तास. वर्गाच्या खिडक्या पूर्वेला, प्रोजेक्टर ३००० ल्युमेनचा. मुलांच्या घरी मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी असं सगळं बोललं जातं. भराभर इंग्रजी संवाद सुरू झाले की निम्मा वर्ग मागे पडतो.

खरी अडचण चर्चेची आहे. विषय कुठूनही सुरू करा, दहा मिनिटांत 'यंत्रं उद्या आपल्यावर राज्य करणार का' आणि 'एआयनं नोकऱ्या जाणार का' यावर गाडी येते. सिनेमा बाजूलाच राहतो. जाणकारांनी नावं सुचवावीत, आणि कुठे थांबून काय विचारायचं तेही सांगावं.

नवीपेठ_रिळं

चर्चा घसरते कारण प्रश्न यंत्राला विचारला जातो. 'हे माणूस आहे का?' याला हो, नाही, माहीत नाही अशी तीनच उत्तरं. ती संपली की मुलं नोकऱ्यांवर येणारच. त्याऐवजी विचारा: या सिनेमात परीक्षा कोण घेतंय, कोणाची घेतंय, आणि नापास झाल्यावर काय होतं? या जातीच्या बहुतेक चांगल्या सिनेमांत परीक्षा असते, आणि परीक्षकाची परीक्षा कोणी घेतलेली नसते.

पहिल्या रविवारी 'फ्रँकनस्टाइन' (१९३१, जेम्स व्हेल). लांबी ७० मिनिटांच्या आसपास, म्हणजे चर्चेला दीड तास उरतो. संवाद कमी आणि सावकाश. दाखवण्याआधी मूळ कादंबरीतला (१८१८) फरक दोन वाक्यांत सांगा. कादंबरीतला, फ्रँकनस्टाइननं घडवलेला प्राणी एका कुटुंबाचं बोलणं लपून ऐकत भाषा शिकतो, वाचतो, आपल्या निर्मात्याशी वाद घालतो. तो बिघडतो कारण त्याला जन्म देणाऱ्यानंच टाकून दिलेलं असतं. सिनेमानं त्याची वाचा काढून घेतली आणि बिघाडाचं कारण बदललं: मदतनीसाच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी फुटते, मग तो गुन्हेगाराच्या मेंदूची उचलतो. म्हणजे कादंबरीत दोष संगोपनाचा, सिनेमात दोष सुट्या भागाचा. 'पोरगं वाया गेलं' हे आपण कधी घरावर ढकलतो आणि कधी रक्तावर, हा प्रश्न इथे आपोआप निघतो. त्याला यंत्राची गरजच पडत नाही.

एक सावधगिरी. तळ्याकाठचा प्रसंग पूर्ण असलेलीच प्रत घ्या. लहान मुलगी फुलं पाण्यात टाकते, ती तरंगतात. फुलं संपल्यावर तीही तरंगेल असं समजून तो तिला उचलून टाकतो. हा शेवटचा तुकडा कित्येक वर्षं कापलेला होता. कापलेल्या प्रतीत तो मुलीकडे हात नेतो आणि पुढे थेट तिचा बाप मृतदेह घेऊन येताना दिसतो. बघणाऱ्याच्या मनात त्याहून वाईट काहीतरी येतं. सेन्सॉरच्या वाचवायला गेलेल्या कात्रीनं त्या प्राण्याला जास्त राक्षस केलं. हे दहा मिनिटं बोलण्यासारखं आहे.

दुसऱ्या रविवारी 'ब्लेड रनर' (१९८२, रिडली स्कॉट). इथे प्रत चुकली तर चर्चाच चुकते. १९८२ च्या मूळ प्रदर्शित आवृत्तीत नायकाचं निवेदन आहे आणि शेवट गोड केलाय. १९९२ मध्ये निवेदन आणि तो शेवट काढला, एकशिंगी घोड्याचं स्वप्न आलं. २००७ ची 'फायनल कट' ११७ मिनिटांची आहे, तीच लावा. मात्र तिच्यात रक्तपात जास्त आहे, थोडी नग्नता आहे, आणि नायक रेचेल या कृत्रिम तरुणीला दार अडवून जबरदस्तीनं जवळ ओढतो तो प्रसंगही. आधी स्वतः बघा आणि वर्गाला कल्पना द्या. तो प्रसंग गाळावा असं मला वाटत नाही. तिथे माणूस कसा वागतो हेच तर बघायचंय.

नायकाचं काम पळालेली कृत्रिम माणसं हुडकून मारण्याचं. ती ओळखायची परीक्षा अशी: बुबुळावर कॅमेरा, समोर प्रश्न, आणि करुणा वाटली की बाहुली किती पटकन हलते ते मोजायचं. साधारण वीस-तीस प्रश्नांत निकाल लागतो. रेचेलला शंभरच्या वर लागतात. यातला एक प्रश्न फळ्यावर लिहा: वाढदिवसाला कोणी वासराच्या कातड्याचं पाकीट दिलं तर? रेचेल म्हणते, घेणार नाही, वर देणाऱ्याची पोलिसांत तक्रार करीन. हे 'माणसाचं' उत्तर. आता वर्गाला विचारा, ज्याच्या घरी चार पिढ्या चामड्याचं काम चाललंय तो मुलगा या परीक्षेत काय होईल? ज्याच्या घरी रविवारी मटण शिजतं तो? करुणा मोजतो म्हणणाऱ्या यंत्रानं एका थरातल्या लोकांच्या आवडीनिवडी मोजल्या. आपल्याकडे 'माणुसकी', 'संस्कार' हे शब्द कोण कोणाला लावतं हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. पुढचं तीच बोलतात.

मग तीन गोष्टींची आठवण द्या. रेचेल नायकाला विचारते, तू स्वतः ही परीक्षा दिलीयस का? उत्तर मिळत नाही. पळणाऱ्या झोराला, कृत्रिम बाईला, नायक पाठीत गोळ्या घालतो. आणि चार वर्षांचंच आयुष्य दिलेला कृत्रिम माणूस रॉय, परीक्षेच्या व्याख्येप्रमाणे करुणाशून्य, शेवटी त्याच नायकाला हात धरून वर ओढतो.

शेवटच्या रविवारी 'आफ्टर यांग' (कोगोनाडा, ९६ मिनिटं). घरात घेतलेला यंत्रदादा बंद पडतो आणि बाप दुरुस्तीसाठी दुकानं हिंडतो, एवढीच गोष्ट. यांग दिवसातले काही सेकंदच साठवून ठेवू शकायचा. ते तुकडे बाप पाहतो तेव्हा त्यात मोठे प्रसंग सापडत नाहीत. पानांवरचं ऊन, पोरीचा चेहरा, चहा. चर्चेच्या आधी प्रत्येकाला एक ओळ लिहायला लावा: काल दिवसभरातले पाच सेकंद ठेवायचे तर कोणते? अर्धा वर्ग फोनमधले फोटो काढून बसेल. फोन बंद ठेवायला सांगा.

जुनीमिल_वाचक

रिळंसाहेब, यादी उत्तम आहे, पण सगळी दिवाणखान्यातली. कारखाना कुठाय? आणि तोही सोलापुरात?

'रोबोट' हा शब्दच मुळात वेठीचा आहे. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराकडे फुकट राबणं, आपली वेठबिगार. कारेल चापेकच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून तो जगभर गेला. नाटक १९२० मध्ये छापलं गेलं, १९२१ मध्ये प्रागला रंगमंचावर आलं; शब्द सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. त्यातले रोबोट लोखंडी नाहीतच. मोठ्या हौदांत पीठ मळावं तसं द्रव्य मळून ते बनवतात, आणि कारखान्यात मज्जातंतू कातायची, रक्तवाहिन्या कातायची गिरणी असते. गिरणगावातल्या पोरांना यापेक्षा जवळचं काय सांगणार?

त्यातली दोन ठिकाणं वर्गात वाचून दाखवण्यासारखी आहेत. एक, रोबोटांना वेदना देण्याचा प्रयोग. कारण दयेचं नाही. दुखत नसल्यामुळे ते यंत्रात हात घालून स्वतःची मोडतोड करून घेतात आणि नुकसान कंपनीचं होतं. दोन, रोबोटांचं बंड झाल्यावर सगळ्या माणसांत एकालाच जिवंत ठेवतात, बांधकाम करणाऱ्या अल्क्विस्टला. का? तो त्यांच्यासारखा हातांनी काम करतो म्हणून. इथे परीक्षा उलटली आहे: यंत्रं माणसाची घेतात, आणि पास व्हायची अट म्हणजे हाताला घट्टे.

सिनेमा हवा तर 'मेट्रोपोलिस' (१९२७, फ्रिट्झ लांग) हवाच. पूर्ण दाखवू नका. २००८ मध्ये ब्यूनोस आयरिसला सापडलेल्या प्रतीवरून २०१० मध्ये जोडलेली आवृत्ती अडीच तासांना दोनच मिनिटं कमी आहे, आणि मूकपट बघायची सवय नसलेला वर्ग तासाभरात जांभया देतो. तीन तुकडे पुरतात: पाळी बदलताना माना खाली घालून चालणाऱ्या रांगा, दहा आकड्यांच्या घड्याळासमोर मालकाच्या मुलानं ११८११ नंबरच्या कामगाराची जागा घेणं, आणि यंत्राला कामगारांना धीर देणाऱ्या मारियाचं रूप देणं. खरी मारिया आणि यंत्र-मारिया एकाच नटीनं, ब्रिगिटे हेल्मनं केली आहे. दोघींच्या चेहऱ्यात फरक काहीच नाही, फरक खांद्यात आणि पापणीत आहे. आवाज बंद करून दोन्ही तुकडे पाठोपाठ लावा आणि 'कशावरून ओळखलंत?' एवढंच विचारा.

मूकपट असल्यानं भाषेची अडचणही जाते. पाट्या कोणीतरी मराठीत मोठ्यानं वाचायच्या.

आणखी एक, फुकटातलं. जुन्या जकार्डची (नक्षी विणणारी मागावरची जोडणी, ती बनवणाऱ्या जकार्डच्या नावाची) आठ-दहा भोकांची कार्डं कुठल्यातरी कारखान्यातून मागून आणा. (इलेक्ट्रॉनिक जकार्ड बसवलेल्या ठिकाणी कार्डं मिळणार नाहीत, जुना माग शोधा.) एक कार्ड म्हणजे एका बाण्याचा हुकूम. भोक असेल तिथली सुई आत जाते आणि तो ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नाही तिथला खाली राहतो. सोलापुरी चादरीवरची नक्षी अशी हजारो हो-नाहींतून उतरते. चार्ल्स बॅबेजनं गणकयंत्राला हुकूम देण्याची ही युक्ती इथूनच उचलली. त्याच्याकडे जकार्डचंच रेशमात विणलेलं चित्र होतं, सुमारे २४,००० कार्डांवर विणलेलं. मुलांच्या हातात कार्ड द्या आणि विचारा, मोराची नक्षी कुठे आहे? कार्डात, मागात, की बघणाऱ्यात? बाणा तुटला तर मागावरचा काटा माग थांबवतो, म्हणजे तुटणं मागाला 'कळतं'. रंगसंगती भडक झाली हे कळत नाही. 'कळणं' या एका शब्दात किती पायऱ्या आहेत हे तिथे दिसतं. मग पुढे सिनेमात कोणी 'ते विचार करतं' म्हणालं, की कोणत्या पायरीचा विचार, हे मुलं स्वतःच विचारतात.

पडदा_आणि_आवाज

विषयावर वरच्या लोकांनी बोलावं. मी कुठे फसतं तेवढं सांगतो.

उजेड: 'ब्लेड रनर' जवळजवळ सगळा रात्रीचा आणि पावसातला आहे. सकाळी १० ला पूर्वेच्या खिडक्या म्हणजे काळ्या रंगाचा राखाडी चिखल. ३००० ल्युमेन आठ फूट रुंद चित्राला पुरतात, पण अंधार केला तरच. काळं कापड एकेरी लावलं तर ऊन झिरपतं. जाड सोलापुरी चादर दुहेरी टाका. आवाजाचा घुमारा कमी होतो तो वेगळाच फायदा. तेवढं जमत नसेल तर वेळ संध्याकाळची घ्या.

आवाज: संवाद ऐकू येत नाहीत आणि स्फोट कानठळ्या बसवतात, याचं कारण बहुतेक वेळा ५.१ चा, म्हणजे अनेक स्पीकरांसाठीचा ट्रॅक. संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात आणि तुमच्याकडे दोनच स्पीकर. प्लेअरमध्ये स्टीरिओ ट्रॅक निवडा किंवा स्टीरिओ मिश्रण चालू करा. एचडीएमआय जोडली की लॅपटॉप आवाज प्रोजेक्टरच्या पिटुकल्या स्पीकरकडे पाठवतो, तो सेटिंगमधून परत बाहेरच्या स्पीकरवर आणा.

मराठी सबटायटल स्वतः करणार असाल तर फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा. नोटपॅडमध्ये दुसऱ्या पद्धतीनं साठवली की प्रश्नचिन्हांची रांग येते. अक्षरं येतात पण जोडाक्षरं तुटतात, काना-मात्रा उडतात असं झालं तर प्लेअरमध्ये देवनागरीचा फाँट निवडलेला नाही असं समजा. एका वेळी दोन ओळी, त्यापेक्षा जास्त नाही. आणि शब्दाला शब्द उतरवू नका. वाचता वाचता चित्र सुटतं. 'ब्लेड रनर'मधल्या शेवटच्या छतावरच्या भाषणात तर जितके कमी शब्द तितकं बरं.

दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर सिनेमा संपल्यावर पंखा थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करायचं नाही. मध्येच लाइट गेली तर लगेच चालू करू नका, दिवा थंड होऊ द्या. छोटा यूपीएस लावलात तर हा प्रश्नच येत नाही.

कायदा: कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात सिनेमा दाखवायला सूट आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक एवढेच असतील तर. पोस्टर लावून गावाला बोलावलंत की सूट संपली. तिकीट तर नाहीच. १९२७ आणि १९३१ च्या चित्रपटांची भारतातली मुदत केव्हाच संपली आहे. मात्र नव्यानं केलेलं संगीत आणि नवी जोडणी यावर वेगळे हक्क असू शकतात, ते पाहून घ्या.

सातरस्ता_सिनेमंडळ

सगळ्यांचे आभार. चादरीची कल्पना लगेच अमलात येईल. दोन शंका. 'एक्स माकिना' घ्यावा का? मुलांनी नाव सुचवलंय. आणि सगळी यादी परदेशी झाली, आपल्याकडचं काही?

बाळीवेस

आपल्याकडचं घ्याच, कारण आपल्याकडचे सिनेमे प्रश्नच वेगळा मांडतात. तिकडे 'सिद्ध कर', इकडे 'तू माझा कोण?'.

'एंदिरन' (२०१०, शंकर). हिंदीत 'रोबोट', तेलुगूत 'रोबो'. तुमच्या वर्गातली तेलुगू घरातली मुलं तो तोंडपाठ म्हणतील, त्याचा उपयोग करून घ्या. पूर्ण दाखवायची गरज नाही. आगीचा प्रसंग लावा: यंत्रमाणूस चिट्टी एकेकाला बाहेर काढतो, अंघोळ करत असलेल्या मुलीलाही उचलून तशीच गर्दीसमोर, कॅमेऱ्यांसमोर आणतो. ती लाजेनं पळते आणि गाडीखाली जाते. 'जीव वाचव' हा हुकूम शंभर टक्के पाळला गेला, तरी मुलगी मेली. चिट्टीला लाज माहीत नव्हती असं सिनेमा सांगतो आणि पुढे त्याला भावना देतो. वर्गात मात्र दुसरा प्रश्न टाका: कॅमेरे कोणाच्या हातात होते? त्यांना तर लाज माहीत होती.

शेवटी संग्रहालयात सुट्या केलेल्या चिट्टीला शाळकरी मुलगी कारण विचारते. तो म्हणतो, विचार करायला लागलो म्हणून. टाळ्यांचं वाक्य आहे, पण सिनेमाभर तो विचार करण्यानं बिघडलेला नाही. प्रेमानं आणि नकारानं बिघडलेला आहे. हा विरोध मुलांना शोधू द्या.

'अँड्रॉइड कुंजप्पन' (मल्याळम, २०१९) तर घराघरातला. मुलगा नोकरीला रशियात, हट्टी म्हातारा बाप गावी, सेवेला यंत्र. आधी बाप त्याला दारात उभं करत नाही, मग कपडे घालतो, गावात फिरवतो. परत न्यायला मुलगा येतो तेव्हा द्यायला तयार नसतो. सोलापुरातून पुण्याला, बंगळुरूला गेलेली किती पोरं आहेत ते सांगायला नको. 'यंत्र माणूस झालं का' हे इथे कोणी विचारत नाही. विचारायचं ते मुलाला: तुझी जागा भरली गेली ती यंत्राच्या गुणांमुळे, की फक्त ते तिथे होतं म्हणून?

आणि एक स्थानिक दाखला, जपून वापरायचा. गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात त्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या विवाहाच्या. काठी म्हणजे माणूस असं तिथे कोणालाच वाटत नाही, कोणी फसलेलंही नसतं. तरी लग्न खरं मानून लाखभर लोक अक्षता टाकतात. भारतीय कायद्यातही देवता 'व्यक्ती' धरली जाते, तिच्या नावावर मालमत्ता असते, ती दावा लावू शकते. १९२५ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापासून हे पक्कं आहे. म्हणजे व्यक्तिपण हे आतून सापडण्याऐवजी बाहेरून, सगळ्यांनी मिळून देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्यासमोर 'बायसेंटेनिअल मॅन' (१९९९) ठेवा. तिथल्या यंत्राला माणूस म्हणून मान्यता हवी, तर अट एकच पडते, मरायला तयार हो. देवतेला कायद्यानं ही अट घातलेली नाही. कोणती रीत बरी, यावर वर्गात भांडण व्हावं. श्रद्धेची टिंगल होतेय असं वाटलं की मात्र पोरं गप्प होतील, म्हणून दाखला तुम्हीच द्या आणि आदरानं द्या.

नवीपेठ_रिळं

जुनीमिल, मान्य. कारखाना राहिला होता. जकार्डची कार्डं पहिल्याच रविवारी, 'फ्रँकनस्टाइन'च्या आधी. 'मेट्रोपोलिस'चे तुकडे आणि नाटकाचं वाचन तिसऱ्याला, बाळीवेस यांचे दोन चौथ्याला. 'कुंजप्पन'चेही तुकडेच घ्यावे लागतील, दोन्ही पूर्ण दाखवायला वेळ नाही.

'एक्स माकिना' (१०८ मिनिटं): कॉलेजच्या मिश्र वर्गात पूर्ण दाखवू नका. शेवटाकडची नग्नता लांबलचक आहे आणि चर्चा तिच्याभोवतीच कुजबुजत राहते. काचेपलीकडची पहिली भेट मात्र दाखवा. गणितज्ञ अॅलन ट्युरिंगच्या १९५० च्या लेखातल्या खेळात यंत्र लपलेलं असतं, पाच मिनिटं लेखी प्रश्नोत्तरं आणि मग ओळखायचं. इथे उलट, यंत्रबाई अ‍ॅव्हाच्या पोटातल्या तारा दिसताहेत. यंत्र आहे हे माहीत असूनही तुला ती कोणीतरी वाटते का, ही परीक्षा. थोडक्यात, तिला तपासायला आलेल्या केलेबची. ज्यांनी सिनेमा आधीच पाहिलाय (बरेच असतील) त्यांचे दोन तट पडतात, कारण शेवटी ती केलेबला कोंडून निघून जाते: ती कृतघ्न, आणि तिनं बरोबर केलं. तिथे एकच विचारा: तिला सोडवायच्या केलेबच्या योजनेत त्याच घरातली दुसरी यंत्रबाई क्योको कुठे होती? ती बोलत नाही, चहा-जेवण आणते, म्हणून त्याच्या लक्षातच नाही. वर्गात एकदम शांतता होते. ती मोडायची घाई करू नका.

वेळ उरला तर स्पीलबर्गच्या 'ए. आय.'मधला (२००१) सात शब्दांचा प्रसंग. आई ते शब्द ठरलेल्या क्रमानं उच्चारते आणि यंत्रमुलगा कायमचा तिचा होतो. परत फिरवता येत नाही. पूर्ण सिनेमा १४६ मिनिटांचा आहे, तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. सुरुवातीच्या व्याख्यानात एक बाई विचारते की यंत्र प्रेम करू शकलं तर त्याच्याबद्दल माणसाची जबाबदारी काय. तिथून त्या शब्दांपर्यंतचा तुकडा घ्या.

प्रश्नांचा कागद सिनेमाआधी वाटू नका. मुलं पडद्याऐवजी उत्तरं शोधत बसतात. संपल्यावर दिवे लावायच्या आधी एक प्रश्न तोंडी सांगा, तीन मिनिटं लिहू द्या, मग दिवे. आणि पहिलं बोलायला मागच्या बाकावरून सुरुवात करा. पुढचे बोलले की मागचे नुसती मान डोलावतात.